चोवीस बांगड्या, शाबूत

"मूठ नका मिटू, बाई. हात सैल सोडा," धोंडुबाई कासारीण म्हणाली, आणि तेव्हा कुठं मला कळलं की मी मूठ मिटली आहे.

खरं तर मला बांगड्या भरायच्याच नव्हत्या. भाचीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि नणंदेचा इस्लामपूरहून निरोप होता, की वहिनी, लग्नघरात हातभर बांगड्या घालून ये, तुझी ती दोन-दोन कांकणं बघून बायका मलाच विचारतात. निरोप येऊन पंधरा दिवस झाले होते. पंधरा दिवसांत मला वेळ झाला नाही, आणि आज, उद्या साताऱ्याला कोर्टात साक्ष आहे म्हटल्यावर, दुपारी भाजीची पिशवी घेऊन निघालेली मी मारुती चौकातून वळले ती थेट धोंडुबाईच्या ओट्यावर येऊन बसले. गेले अकरा महिने मी या बोळात पाऊल टाकलं नव्हतं. हळदीच्या पेठेतून लांबचा वळसा घ्यायचे, नाकाला पदर लावून, आणि स्वतःला सांगायचे की तिकडं भाजी ताजी मिळते. स्वतःशी खोटं बोलायला मला फार काही लागत नाही. मेथीच्या जुडीवर भागतं.

धोंडुबाईची साठी उलटून गेली असेल. बोलताना ती समोरच्या बाईकडं बघत नाही, हाताकडं बघते. माझी बोटं एकत्र करून, अंगठा तळव्यात दाबून, कणीक तिंबावी तसा तिनं हात तिंबला आणि हिरवी बांगडी हाडापर्यंत आणून ठेवली. मग ती अगदी सहज म्हणाली, "मागं तुमी जतकडची एक बाई आनली हुतीसा का न्हाई? तिनंबी अशीच मिटली हुती. लय घट्ट. मला काय उघडंना. मग तुमीच उघडलीसा." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. आजवर भरलेल्या हजारो हातांतला एक हात तिला आठवला, एवढंच. पण माझा हात आपोआप आखडला आणि बांगडी पिचली. अंगठ्याच्या मुळाशी बारीक रक्त आलं. "वाढली," म्हणत धोंडुबाईनं तुकडे वेचले आणि फळीखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. मी त्या डब्याकडं बघत राहिले. या डब्यातल्या काचांचं पुढं काय करतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दर आवसेला किस्नंत सोडते. सवाष्णीच्या हातची काच, कुनाच्या पायाखाली येऊ नये." म्हणजे त्या तीन जांभळ्या बांगड्या अकरा अमावास्यांपूर्वीच आयर्विन पुलाखालून वाहून गेल्या होत्या. बरं झालं, असं मला क्षणभर वाटलं. तसं वाटल्याची लाज मागाहून आली, पण आली.

हातावर पदराचं टोक दाबून मी तिथंच बसून राहिले. जानेवारीतली ती सकाळ मी इतक्या वेळा घासूनपुसून मनात ठेवली होती की तिला एक प्रकारची चकाकी आली होती. चांगल्या बाईनं चांगलं काम केल्याची सकाळ. आमचं केंद्र गावभागात, शालूबाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत. मी शिकवते त्या मुलींच्या शाळेत शालूबाई माझ्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर इतर बायका काशीला जातात, या पुण्याला एका शिबिराला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, अंजना, आपण केंद्र काढू या. मला मूलबाळ नव्हतं, शाळा अर्ध्या दिवसाची होती आणि दुपारी घरी बसून भिंतीवरच्या पाली मोजण्यापेक्षा ते बरं होतं. बाहेर पाटी लावली 'महिला साहाय्य केंद्र'. कशासाठी साहाय्य, ते पाटीवर लिहायचं धाडस आमच्या दोघींतही नव्हतं, आणि लिहिलं असतं तर त्या पाटीखालून कुठली बाई आत आली असती? बायका यायच्या त्या शिवणकामाची चौकशी करायला म्हणून. मग पाणी मागायच्या. मग दाराकडं बघायच्या. मी उठून दार लोटलं की सांगायला लागायच्या. वरच्या कोर्टांतले निकाल वाचून केंद्राच्या पहिल्या दोन वर्षांत आम्हाला एक गोष्ट पाठ झाली होती, की बाई ओरडली नाही, अंगावर जखम नाही, तर कायद्याच्या लेखी तिची तयारी होती. म्हणून शालूबाईंनी पुण्याहून चक्रमुद्रित कागद आणला होता आणि मी तो सुवाच्य अक्षरात उतरवून भिंतीवर लावला होता. आलेल्या बाईला आंघोळ घालू नये. लुगडं धुऊ नये. केस विंचरू नयेत. लुगडं कोऱ्या कागदात बांधून ठेवावं. एवढे नियम मला तोंडपाठ होते. कुणी झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवले असते.

आणि हरणाबाई आली तेव्हा मी ते सगळे पाळले. हेच तर आहे. ती आली अकराच्या सुमाराला, सासूबरोबर, एस.टी. स्टँडवरून विचारत विचारत. सासू रंगूबाई, काठीसारखी ताठ, कपाळावर गोंदण, जतच्या त्या कोरड्या रानातलं ऊन अंगात मुरलेलं. सून वीस-एकवीसची. मूळची मेंढरांमागं फिरणारी माणसं. दोन वर्षं पाऊस नाही म्हणून टोळीबरोबर फलटणच्या बाजूला ऊसतोडीला गेलेली. तिथल्या मळेकऱ्याचा धाकटा भाऊ मानसिंग, त्यानं आदल्या दिवशी दुपारी, बाकीची टोळी मोळ्या घेऊन गाडीकडं गेलेली असताना, हिला उसात ओढलं. रंगूबाई सांगत होती आणि हरणाबाई फरशीकडं बघत होती. "ठान्यावर गेलो तर म्हनत्यात मुकादमाला घिऊन या. मुकादम म्हनतोय सीजन सरू द्या. सीजन सरंस्तवर ही काय दम काढनार व्हय?" इस्लामपूरच्या स्टँडवर कुणा नर्सबाईनं आमचा पत्ता दिला म्हणून त्या इथं उतरल्या होत्या. फलटणकडं परत दुपारची गाडी नव्हती, ठाण्यावर जायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर मी हरणाबाईला दुसरं लुगडं दिलं, तिचं लुगडं कागदात बांधलं, सुतळी बांधली, वर तारीख लिहिली. केसात पाचटाचं कुसळ होतं ते तसंच राहू दिलं. आंघोळीला पाणी काढायला निघालेल्या रंगूबाईला मी अडवलं, समजावून सांगितलं. किती हुशार वाटलं होतं मला.

आणि मग तिचे हात दिसले. मनगटांपासून कोपरापर्यंत ओरखडे. ते उसाच्या पात्याचे होते की त्याच्या नखांचे, ते तिलाही सांगता आलं नसतं. तोडणीवरच्या प्रत्येक बाईचे हात असेच असतात. डाव्या हातात दोन बांगड्या, उजव्यात एक. जांभळ्या, जतच्या बाजारातल्या. बाकीच्या तिथं फुटल्या होत्या. तो जवळजवळ भुंडा हात मला बघवेना. कसं सांगू, लुगडं ही वस्तू आहे हे मला कुणीतरी शिकवलं होतं, पण बांगडीला मी कधी वस्तू म्हटलंच नव्हतं. बांगडी हा हाताचाच भाग. सवाष्ण बाई, नवरा जिवंत, आणि हात असे, म्हणजे काहीतरी अभद्र घडल्यासारखं. अभद्र घडलेलंच होतं, पण ते मला बुजवून टाकायचं होतं, अंगणात सांडलेलं पाणी पायानं पसरून टाकतात तसं. पुस्तकं वाचलेली, शिबिराच्या गोष्टी ऐकलेली मी, आणि आतून निघाली माझी जुन्या वळणाची मावशीच. मी रंगूबाईला म्हटलं, चला, आधी हिचे हात भरू. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "लय बरं हुईल, बाई." हरणाबाईला कुणीच विचारलं नाही.

याच ओट्यावर, याच फळीसमोर. धोंडुबाईनं उरलेल्या बांगड्या उतरवायला हात पुढं केला तशी हरणाबाईनं मूठ मिटली. धोंडुबाईनं बोटं दाबून पाहिली, ढिली होईनात. ती माझ्याकडं बघायला लागली. आणि मी, तिच्या शेजारी बसलेली, एका हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत, दुसऱ्या हातानं तिची बोटं उघडली. करंगळीपासून. एकेक. किती हळुवारपणे उघडली! "असू दे गं," म्हणत होते. "काही नाही होत. आत्ता होईल बघ." तिनं ओढून घेतला नाही हात. काही बोलली नाही. नुसती त्या पत्र्याच्या डब्याकडं बघत होती. तीन जांभळ्या बांगड्या डब्यात पडल्या, बारा-बारा हिरव्या हातात चढल्या. मग आम्ही तिघींनी समोरच्या हॉटेलात चहा घेतला. रंगूबाईनं माझ्या पायाला हात लावला. आणि मी अकरा महिने त्या सकाळचा शेवट नेहमी चहापाशी केला. मूठ वगळली. ती विसरले होते असं नाही. घरात कोनाडा असतो आणि आपण तिकडं बघत नाही, तसं केलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यावर पंचनामा झाला. त्यात तिच्या अंगावरच्या चीजवस्तूंची यादी: पितळी जोडवी, गळ्यात काळी पोत, हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या चोवीस, शाबूत. तालुक्याच्या डॉक्टरांनीही तेच पाहिलं आणि लिहिलं, झटापटीच्या खुणा दिसत नाहीत. ओरखडे तोडणीच्या कामाचे असू शकतात. आणि उसात पंचांना पाचटात जांभळ्या काचा सापडल्या, त्याही प्रामाणिकपणे लिहिल्या गेल्या. कुणीच खोटं लिहिलं नव्हतं. मी ते कागद पहिल्यांदा वाचले लालासाहेब वकिलांच्या कचेरीत, मार्चमध्ये, आणि 'शाबूत' या शब्दावर बोट ठेवून तिथंच अडकले. लालासाहेब आमच्या केंद्राचे सल्लागार, फुकट काम करणारा भला माणूस. त्यांनी विचारलं, काय झालं, बाई? मी सांगितलं. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. मग म्हणाले की हे आता बाहेर काढलं तर समोरचा वकील म्हणेल, या संस्थेच्या बायकांनीच पुरावा बदलला, उद्या लुगड्यावरही यांनीच काही केलं नसेल कशावरून. सरकारी वकील तुम्हाला विचारतील ते एवढंच, की हिनं पहिल्यांदा हकीकत कुणाला सांगितली. तेवढं सांगा. न विचारलेलं सांगू नये. शालूबाईंचंही तेच. "हे एक प्रकरण आहे, अंजना," त्या म्हणाल्या, "आणि दाराबाहेर अजून किती जणी उभ्या आहेत. संस्थेवर डाग पडला तर त्या कुठं जातील?" हे खोटं नव्हतं. मला सोयीचं होतं तेवढं तर ते खरं होतंच, आणि म्हणूनच मी ते लगेच मान्य केलं.

मागच्या आठवड्यात हरणाबाईची साक्ष झाली. मला आत बसता आलं नाही, साक्षीदार होते ना. बाहेर व्हरांड्यात बसून मी भिंतीवरची नोटीस सात-आठ वेळा वाचली. आत काय झालं ते लालासाहेबांनी नंतर सांगितलं. तिनं सगळं नीट सांगितलं, बांगड्या फुटल्याचंही. मग समोरचे वकील उठले. मऊ बोलणारे, चष्मा पुसत पुसत बोलणारे गृहस्थ. त्यांनी पंचनामा वर धरला आणि म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला? फुटल्या म्हणते आणि पंचांना चोवीस दिसतात, त्याही हिरव्या. जांभळ्या काचा कुणाच्या, देव जाणे. शंभर बाया त्या उसातून जातात. मग या कुठून आल्या, असं त्यांनी विचारलं. हरणाबाई म्हणाली, घातल्या. कुणी घातल्या? ती गप्प राहिली. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. न्यायाधीश साहेबांनी तसं लिहून घेतलं. लालासाहेब मला म्हणाले, पोरीनं तुमचं नाव घेतलं नाही. ते समाधानानं म्हणाले. मी घरी येऊन अंगणातल्या दगडावर बसले आणि तासभर उठलेच नाही.

"बाई, भरायच्या का बास?" धोंडुबाई विचारत होती. मी म्हटलं भर. तिनं पुन्हा माझा अंगठा आत दाबला, आणि त्या दाबासरशी मला माझा चुडा आठवला. अठरा वर्षांची होते. मॅट्रिकला चांगले मार्क मिळालेले, पुण्याला कॉलेजात जायचं मनात पक्कं केलेलं, आणि घरात मांडव. कासार ओसरीवर बसलेला, मी त्याच्यापुढं, आणि माझीही मूठ मिटलेली होती. मावशी हसत पुढं झाली. "लाजतीय बघा," म्हणाली आणि माझी बोटं उघडली. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. कारण मावशी वाईट नव्हती, कासार वाईट नव्हता, पुढं नवराही वाईट निघाला नाही. त्या मुठीत काय होतं ते कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. आता वाटतं, मावशीनं तेव्हा ज्या हातानं माझी बोटं उघडली, तोच हात मी पुढं नेला. उघडलेल्या मुठींनाच दुसऱ्यांच्या मुठी उघडायचं एवढं अगत्य असतं की काय कोण जाणे. आणि मानसिंगानं काय केलं होतं? छे, मी आणि मानसिंग एक नाही. मला एवढी अक्कल आहे. स्वतःला खूप दोष देण्यातही एक चैन असते, तीही मला नको. पण हरणाबाईच्या बाजूनं पाहिलं तर दोन दिवसांत दोन माणसांनी तिच्या हाताचं ऐकलं नव्हतं, आणि दुसरं माणूस तिची पाठ थोपटत होतं.

घरी आले तेव्हा आमचे हे पेपर वाचत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, मुठीसकट, पहिल्यांदाच. त्यांनी पेपर खाली ठेवला. "तू सांगितलंस तर निकाल लागेल का तुमच्या बाजूनं?" मी म्हटलं, माहीत नाही. काचांचा मेळ बसेल, किंवा सगळंच बुडेल. ते म्हणाले, "मग?" मी पदर सोडवून अंगठा बघितला. ते उठले, देव्हाऱ्यातली हळद आणून माझ्या अंगठ्यावर लावली आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. इतक्या वर्षांत मला हा माणूस कळला असं मी म्हणणार नाही, पण त्या हळदीनं बरं वाटलं.

पहाटेच्या साताऱ्याच्या गाडीत शालूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. इस्लामपूर गेलं, कराड गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, तुऱ्यावर आलेला, आणि कडेनं टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या, त्यांच्यापुढं चुली. याआधी कितीदा हा रस्ता पाहिला असेल, पण त्या उसात आत काय असतं हे आता बघायचं टाळता येत नव्हतं. शालूबाईंनी माझ्या हातांकडं पाहिलं, नव्या बांगड्यांकडं. लग्नासाठी का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. कराडच्या पुढं त्या म्हणाल्या, "तू काय ठरवलं आहेस ते मला कळतंय, अंजना. मला विचारू नकोस, कारण मी नाही म्हणेन." मी म्हटलं, "तुम्हाला नाही विचारणार. जिला विचारायला हवं होतं तिला विचारणार आहे." त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. पण साताऱ्यात उतरताना माझी पिशवी त्यांनीच घेतली.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली रंगूबाई आणि हरणाबाई बसल्या होत्या. फडक्यात भाकरी, वर ठेचा. हरणाबाई थोडी भरली होती अंगानं. हातात जांभळ्या बांगड्या, पुन्हा जतच्या बाजारातल्या. मी तिच्यासमोर मातीतच बसले. शब्द जुळवून ठेवले होते, ते एकही आठवेना. शेवटी सरळ म्हटलं, की त्या दिवशी बांगड्या मी बदलायला लावल्या, ते मी आज कोर्टात सांगू का? त्यानं तुझं बरं होईल की वाईट, ते मला सांगता येत नाही. वकील नको म्हणतात. तू नको म्हणालीस तर नाही सांगणार. रंगूबाई मधेच म्हणाली, "आवं बाई, तुमी चांगल्यासाठीच केलंसा की." हरणाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला होता तो तसाच हातात धरला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "इचारायला वरीस लागलं व्हय, बाई?"

मी मान खाली घातली. ती रागानं म्हणाली नव्हती. रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

"म्या तुमचं नाव घ्येतलं न्हाई," ती म्हणाली. "वकीलसायब म्हनलं, बाईंचं नाव घिऊ नगं. पर तुमचं तुमी सांगा. खरं हाय ते सांगा." तिनं तुकडा ठेच्याला लावला, तोंडाजवळ नेला, पुन्हा खाली घेतला. "मूठ बी सांगा."

म्हणजे तिला आठवत होती. मी मूर्ख, इतके दिवस मनाशी धरून बसले होते की त्या सगळ्या गोंधळात मुठीचं तिच्या लक्षातही नसेल. पुकारा झाला तेव्हा मी उठले. गुडघ्याला माती लागली होती, ती झटकायचंही सुचलं नाही.

पिंजऱ्यात उभं राहिलं की माणूस आधी हात कुठं ठेवायचे ते शोधतं. मी कठड्यावर ठेवले, नव्या बांगड्या वाजल्या, समोरच्या वकिलांनी मान वर केली. आरोपी मानसिंग कोपऱ्यात उभा होता, पांढरा सदरा, सकाळीच दाढी केलेली. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. बाजारात शेजारी उभा राहिला असता तर मी त्याला वाट दिली असती, इतका साधा दिसत होता. हरणाबाई मागच्या बाकावर सासूशेजारी येऊन बसली होती. तिची साक्ष झालेली, तिला आता बसता येत होतं. सरकारी वकिलांनी ठरलेलं विचारलं. ती कधी आली, काय सांगितलं, कुठल्या स्थितीत होती. स्थिती म्हटल्यावर मी सांगितलं: लुगडं फाटलेलं, केसात पाचट, आणि दोन्ही हातांत मिळून तीन जांभळ्या बांगड्या, बाकीच्या फुटलेल्या. त्या तीन मी कासारणीकडं उतरवायला लावल्या आणि हिरव्या भरल्या. सरकारी वकील हातातला कागद उलटसुलट करायला लागले. त्यात हे कुठंच नव्हतं. मागं लालासाहेबांची खुर्ची वाजली. साहेबांनी इंग्रजीत सांगितलं, टंकलेखकानं बडवलं.

समोरचे वकील चष्मा पुसत उठले. हे पोलिसांना का नाही सांगितलं? त्यांनी विचारलं नाही, मी म्हटलं, आणि तेव्हा मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. पुढं वाटलं तेव्हा भीती वाटली. म्हणजे पुरावा तुम्ही घालवलात? हो. आणि तो पुरावा आता कुठं आहे? कृष्णेत. कुणीतरी हसलं. वकीलही हसले, आणि मला वाटतं तिथंच ते जरा सैल झाले. म्हणाले, बरं, धरून चालू तुम्ही म्हणता तसं. म्हणजे जिच्यावर आदल्या दिवशी एवढा प्रसंग गुदरला, ती बाई दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन हौसेनं चुडा भरते.

"हौसेनं नाही," मी म्हटलं. "तिला नको होत्या."

"नको म्हणाली ती?"

"नाही."

"ओरडली?"

"नाही."

"हात ओढून घेतला? उठून गेली?"

"नाही. मूठ मिटली."

"एवढंच?" त्यांनी साहेबांकडं पाहिलं. "आणि नंतर तुमच्याबरोबर चहा घेतला की नाही?"

"घेतला."

"मग बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. ओरडली नाही, नको म्हणाली नाही, हात ओढला नाही, वर चहा घेतला. तिची तयारी होती, असाच याचा अर्थ नाही का?"

हा प्रश्न मी केंद्रात बसून कितीतरी कागदांत वाचला होता, त्याला उत्तरं लिहिली होती, शिबिरात म्हणून दाखवली होती. त्यांतलं एकही उत्तर आता लागत नव्हतं. मला फक्त माझ्या बोटांखाली तिची करंगळी आठवत होती, तिचा तो बारीक, न हटणारा जोर, आणि तो जोर मला तेव्हाही कळला होता. मला कळला होता. न कळल्यासारखं केलं, कारण मला तिचं भलं करायचं होतं.

"नव्हती तिची तयारी," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे. तिची मूठ मीच उघडली."

टंकलेखकाचा हात थांबला. वकील चष्मा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी कुणाकडं बघायचं म्हणून मानसिंगाकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मागच्या बाकाकडं वळून बघायची मला हिंमत झाली नाही. साहेब पुढं वाकले आणि मराठीतच म्हणाले, की नीट ऐकू आलं नाही, बाई, पुन्हा सांगा.

मी पुन्हा सांगितलं, या वेळी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.